करगोट्याचा मणी

पोलादपूर,
६ जानेवारी २०२५

प्रिय सादिया,

पाकीट बघून हसली असशील. पावसाळ्यात दरडीबरोबर आमच्या गावचा टॉवर गेला तो गेलाच. आता रेंज येते ती आंबेनळी घाटातल्या एका वळणावर, आणि तिथे उभं राहून बोलायचं म्हणजे वाऱ्याशी भांडण. शिवाय तू फोनवर 'हं' आणि 'बरं' याच्या पलीकडे जात नाहीस. महाडच्या शाळेत एका बाकावर बसूनसुद्धा तू मला चिठ्ठ्याच लिहायचीस. म्हणून म्हटलं, तुझ्याच वाटेने जावं.

काम साहिलचं आहे. माझा भाऊ आता सव्वीस वर्षांचा घोडा झालाय, पोलादपूर-खेड टेम्पो चालवतो. वर्षभर त्याचा डावा पाय लुळा पडत चाललाय. चालता चालता डाव्या पायातली चप्पल मागे राहते आणि हा तिच्याशिवाय पुढे गेलेला असतो. आधी आम्ही चेष्टा केली. आता क्लच दाबला जात नाही. दिवाळीत महाडच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं, कमरेतला मणका सरकलाय, स्क्रू घालावे लागतील, पुण्याला न्या. तुझ्याच हॉस्पिटलचं नाव त्यांनी लिहून दिलं. तू तिथे नक्की काय करतेस ते मला अजून धड माहीत नाही. सांग.

तीन निरोप आहेत.

एक, आईचा. साहिलचा करगोटा कुणाला कापू देऊ नकोस. जिवंत माणसाचा करगोटा कापत नाहीत, हे तुला सांगायला नको. पण ती हे रोज दहादा सांगतेय.

दुसरा, साहिलचा. आधी एमआरआय करायचाय, आणि तो विचारतो, शिसं चुंबकाला चिकटतं का? मी मराठी शिकवते, मला काय ठाऊक.

तिसरा माझा. बाबा सोबत येतील आणि तुला डुकराची गोष्ट सांगतील. दोन वर्षांपूर्वी शिमग्याच्या आधी गावाने रान उठवलं होतं, हाके घालणारे खालून, बंदुकवाले वर. बाबांनी आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीने बार टाकला आणि डुक्कर निसटलं. तेव्हापासून गावात एक माणूस उरला नाही ज्याने ती ऐकली नसेल. ऐकून घे गो. म्हातारा खूश होतो.

तुझी,
अक्षदा

---

पुणे,
१२ जानेवारी २०२५

प्रिय अक्षदा,

पत्र मिळालं. क्रमाने उत्तर देते.

माझं काम. पाठीच्या ऑपरेशनमध्ये माणूस पालथा असतो आणि सर्जनला वरून हाडाचा थोडासाच भाग दिसतो. स्क्रू आत कुठल्या दिशेने जातोय, नसेच्या किती जवळून, हे दिसत नाही. त्यासाठी टेबलावरच कण्याचं त्रिमितीय चित्र घेतात. ते घेणारी यंत्रं मी चालवते, आणि सध्या त्यांची तुलना करते. आमच्याकडे तीन आहेत. एक सी अक्षरासारखा दांडा, सी-आर्म. तो माणसाभोवती अर्धा फेरा मारतो आणि सोललेल्या नारळाएवढ्या भागाचं चित्र देतो. दुसरं एक मोठं कडं आहे, बांगडीसारखं माणसाभोवती बंद होतं आणि आतून पूर्ण फेरा मारतं. त्यात जास्त भाग येतो. तिसरं रुळांवर सरकत येणारं सीटी. त्यात सगळा कणा दिसतो आणि कडा सर्वांत रेखीव येतात, पण त्याला जागा लागते, वेळ लागतो आणि किरणांची मात्रा सांभाळावी लागते.

लोक विचारतात, चांगलं कुठलं? मी विचारते, कशासाठी? तिघांची एक मर्यादा सारखी आहे. चित्र घेतलं त्या क्षणाचं ते असतं. नंतर माणूस जरासा हलला तरी चित्र खरं राहत नाही, दिसत मात्र खरंच राहतं. आणि जवळ धातू असला की चित्र फाटतं. आरशावर ऊन पडल्यावर डोळ्यांत तिरीप येते, तशा रेघा येतात. सी-आर्मवर सगळ्यात जास्त.

कुणाला कुठलं यंत्र, हे माझ्या अभ्यासात चिठ्ठी टाकून ठरतं. साहिलची तयारी असेल तर त्याचंही तसंच ठरेल. त्याने कागदावर सही करायची आणि माहिती कुणाला द्यायची त्याचं नाव लिहायचं. तुझं लिहायला सांग.

करगोटा कापणार नाही. गाठ मी स्वतः सोडीन.

शिसं चुंबकाला चिकटत नाही. लोखंड चिकटतं. पण त्याने शिशाचंच का विचारलं? त्याला विचार आणि कळव.

काकांची गोष्ट ऐकीन.

तुझी,
सादिया

---

पोलादपूर,
२२ जानेवारी २०२५

प्रिय सादिया,

विचारलं. म्हणाला, टेम्पोच्या बॅटरीत शिसं असतं, हात लागतात, अंगात गेलं असेल तर? मी म्हटलं, तुझ्या अंगात शिसं नाही, नुसता आळस आहे. तुझं उत्तर वाचून दाखवलं तर एवढा मोकळा झाला की त्या दिवशी आपणहून विहिरीवरून पाणी आणलंन.

एमआरआय झाला. रोज कशेडीच्या बोगद्यातून टेम्पो काढणारा माणूस त्या यंत्राच्या बोगद्यात घामाने भिजून बाहेर आला. तिथल्या बाईंनी करगोटा काढायला सांगितला, हा तयार होईना. शेवटी मणी तांब्याचा आहे बघून त्यांनी चालवून घेतलं. रिपोर्टमध्ये लिहिलंय, कमरेत एका जागी धातूमुळे काळा डाग, तिथलं दिसत नाही. तुमच्या सर्जन सरांनी फोनवर विचारलं तर साहिलच म्हणाला, करगोट्याचा मणी आहे.

तीन फेब्रुवारी ठरलीय. माझ्या दहावीच्या पोरांच्या तोंडी परीक्षा आहेत, मी येत नाही. तू आहेस, म्हणून मी इथे शांत आहे.

अक्षदा

---

पुणे,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्षदा,

काल फोनवर तुला एवढंच सांगितलं की ऑपरेशन पुढे ढकललं आणि साहिल ठीक आहे. दोन्ही खरं आहे. बाकीचं इथे लिहिते. त्याने कागदावर तुझं नाव लिहिलं आहे, म्हणून चित्रात काय दिसलं ते तुला सांगू शकते. शुद्धीवर आल्यावर तो काय बोलला, ते सांगू शकत नाही.

सकाळी काका आणि मी कॅन्टीनमध्ये होतो. त्यांनी मला पैसे देऊ दिले नाहीत. "तू आमच्या आक्षीची मैतरीण, तू माज्याकडनं च्या प्यायचीस." मग गोष्ट सांगितली. उभे राहिले, खांद्याला बंदुकीचा दस्ता लावल्यासारखा हात केला, एक डोळा मिटला. "रान हाललं, आन् मी बार टाकला. डुक्कार गेलं गो, पन करवीवर ह्ये येवडं रगात! लागलं हुतं त्याला. आजून फिरत आसंल त्या डोंगरात, माजा छर्रा घिऊन." शेजारच्या टेबलावरची माणसंही हसली. मीही हसले.

नंतर थिएटर. साहिलला भूल दिली, पालथा केला. सिस्टर कात्री घेऊन आल्या, मी त्यांना थांबवलं. गाठ घट्ट होती, सोडायला वेळ लागला. काळा दोरा, त्यात तांब्याचा एक मणी. ठेवायला जागा नव्हती म्हणून तो हातातच धरून यंत्राच्या पडद्याआड गेले.

चिठ्ठीत सी-आर्म आला होता. फेरा झाला. चित्र आलं ते मधोमध फाटलेलं, एका ठिपक्यातून चारी बाजूंना पांढऱ्या रेघा. सर म्हणाले, "करगोटा राहिला वाटतं."

मी म्हटलं, "करगोटा माझ्या हातात आहे."

मूठ उघडून दाखवली. मणी हातात होता. मणी स्क्रीनवरही होता.

मी टेबल तपासलं, चादर तपासली, छातीखालच्या गाद्या तपासल्या, वायर तपासली. कुठेही धातू नव्हता. सर म्हणाले, "कडं आणा." शेजारच्या थिएटरमधून ते आणून पुन्हा चित्र घेतलं. या वेळी रेघा कमी होत्या, जागा स्पष्ट दिसली. धातूचा गोल तुकडा कण्याच्या नळीत आहे, डाव्या बाजूला, पाऊल वर उचलणाऱ्या नसेला चिकटून. मणका सरकला आहे तो थोडासा, आणि कदाचित लहानपणापासूनचा. पाय त्याच्यामुळे गेलेला नाही. आम्ही जे ऑपरेशन करणार होतो ते चुकीचं होतं. स्क्रू उत्तम बसले असते. पाय तसाच राहिला असता.

पाठीवर अजून सुरी लागली नव्हती. सरांनी थांबवलं, साहिलला उठवलं. संध्याकाळी तो सरांशी एकटा बोलला आणि नंतर सही करून निघाला. काकांना सांगितलंय की चित्र नीट आलं नाही.

करगोटा मी त्याच्या हातात दिला. त्याने माझ्यासमोर बांधला.

सादिया

---

पोलादपूर,
१० फेब्रुवारी २०२५

सादिया,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा मला राग आला. कण्यात धातू? तूच लिहिलंस ना की धातू जवळ असला की तुमची चित्रं फाटतात. मग फाटलेल्या चित्रावर कसला विश्वास? एका यंत्राने चुकीचं दाखवलं म्हणून दुसरं आणलं, त्यानेही तेच दाखवलं, म्हणजे दोघं खरी? तुमचंच काहीतरी टेबलावर राहिलं असणार आणि आता माझ्या भावाच्या पाठीत ढकलताय.

माफ कर. पण इथे येऊन बघ. साहिल पुण्याहून आल्यापासून कुणाशी बोलत नाही. टेम्पो विकायचा म्हणतो. बाबा त्याला समजावतात, "आरं मशीन बिघडलं आसंल, आपून परत जाव," तर हा उठून जातो. काल मागच्या दारी त्याचा तोल गेला. उजवा पाय होता म्हणून सावरला.

त्याला कधी काही लागलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी रानात बांबूच्या खुटावर पाठीवर पडला होता, त्याची जखम आठ दिवसांत भरली. बांबू धातूचा नसतो.

आणि मणी त्याच्या करगोट्यात कायमचाच आहे.

अक्षदा

---

पुणे,
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्षदा,

राग बरोबर आहे. चित्रावर शंका घ्यावीच, मी तेच करते. पण दोन यंत्रं दोन वेगळ्या पद्धतींनी बघतात आणि ठिपका एकाच जागी येतो, तेव्हा तो यंत्रातला नसतो.

शेवटच्या ओळीबद्दल लिहायचं आहे. मणी कायमचाच आहे, असं तू लिहिलंस.

साहिलच्या फाइलमध्ये दिवाळीतला महाडचा एक्स-रे आहे. समोरून काढलेला एकच. मी तो पुन्हा लाइटवर लावून बघितला. कमरेत धातूचा एक ठिपका आहे. डॉक्टरांनी त्यावर पेन्सिलने गोल करून पुढे लिहिलंय, 'करगोट्याचा मणी'. एक्स-रे चपटा असतो. आतलं आणि बाहेरचं त्यात एकाच फिल्मवर येतं, कुणाला वेगळं करता येत नाही. म्हणून त्यांची चूक मी समजू शकते.

पण त्या दिवशी अंगात तुकडा असेल आणि करगोट्यात मणी असेल, तर ठिपके दोन यायला हवेत. एकच आहे. जागा तीच, जिथे आम्हाला तुकडा दिसला. म्हणजे तुकडा तेव्हा आत होता. मणी नव्हता.

मणी नंतर ओवला आहे. एक्स-रे नंतर, एमआरआयच्या आधी.

मला फक्त एवढंच विचारायचं आहे, कुणी ओवला? आणि का? उत्तर मला कळवलं नाहीस तरी चालेल. तुला कळायला हवं.

तुझी,
सादिया

---

पोलादपूर,
२१ फेब्रुवारी २०२५

सादिया,

आई अंगणात वाल सोलत होती. मी समोर बसले आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. 'मणी नंतर ओवला आहे' इथपर्यंत आले आणि तिचे हात थांबले. मी विचारलं, "कुणी गो आई?"

म्हणाली, "मीच. दुसरा कोन?"

तशीच खाली बघून बोलत राहिली. दिवाळीत ती साहिलबरोबर दवाखान्यात गेली होती. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि विचारलं, हे काय आहे? तिच्या तोंडातून निघून गेलं, "करगोट्याचा मनी आसंल." डॉक्टरांनी शर्ट वर करून बघितलं नाही, लिहून टाकलं. घरी येऊन तिने माझ्या जुन्या गळ्यातल्या माळेतला तांब्याचा मणी काढला आणि त्याच्या करगोट्यात ओवला. उद्या कुणी बघितलं तर सापडायला हवा म्हणून. सादिया, माझ्या माळेतला. मी ती माळ पेटीत शोधली, दोरा तुटलेला, मणी कमी.

मी विचारलं, मग ते काय होतं?

शिमग्याच्या आधी रान उठवलं तेव्हा साहिल हाके घालणाऱ्यांत होता. तो ठरलेली वाट सोडून करवीच्या झुडपांतून वर चढला, लवकर पोचायला. घरी आला तो पाठीला टॉवेल गुंडाळून. म्हणाला, खुटावर पडलो. आईने हळद भरायला टॉवेल काढला. ती म्हणते, "खुटाचा घाव मला म्हाईत नाय व्हय? खुटानं फाटतं. ह्ये भोक हुतं."

त्या दिवशी पूर्ण डोंगरात एकच बार झाला होता.

मला कळायला वेळ लागला. खरंच लागला. आई माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे, आणि ओटीवर बाबा कुणालातरी सांगत होते, "करवीवर ह्ये येवडं रगात." तेव्हा माझ्या हातातून कागद पडला.

ते रक्त, सादिया.

दोन वर्षं ती गोष्ट आमच्या घरात सांगितली जातेय. मी हसलेय. शाळेत पोरांना नक्कल करून दाखवलीय. साहिल प्रत्येक वेळी तिथे बसलेला असायचा. त्यानेच आईला शपथ घातली, "बाबांना सांगू नको, ते जगायचे नाय." शिशाचं त्यानेच विचारलं होतं, आठवतं? त्याला भीती होती की चुंबक छर्रा ओढेल आणि सगळ्यांना कळेल. आणि मी म्हटलं, अंगात आळस आहे.

मी बाबांना सांगू का? तू सांग. तू कधी चुकत नाहीस.

अक्षदा

---

पुणे,
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्षदा,

मी चुकते. चार फेब्रुवारीच्या पत्रात काकांची गोष्ट लिहिली, तेव्हा त्यांचं शेवटचं वाक्य मी खोडणार होते. कारण स्क्रीनवर ठिपका दिसल्यावर मला पहिलं तेच ऐकू आलं होतं. पुरावा नव्हता, म्हणून तुला काही म्हटलं नाही. पण वाक्य खोडलंही नाही. हे तुझ्यावर सोडणं बरोबर होतं की नाही, मला ठरवता येत नाही.

जे नक्की माहीत आहे ते लिहिते.

नस दोन वर्षं दाबली गेली आहे. आणखी थांबलं तर पाऊल परत येण्याची शक्यता कमी होत जाईल. तुकडा सरकला तर लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो. काढता येण्यासारखा आहे.

गोळीची जखम दिसली की डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. साहिल त्यासाठीच निघून गेला, हे आता तुला त्याच्याकडून कळलंच असेल. हॉस्पिटलने कळवलं आहे. इथल्या चौकीतून कागद पोलादपूरला जाईल. कधी पोचेल ते माहीत नाही, पण पोचेल. बंदुकीला परवाना नसेल तर प्रश्न त्याचाही येईल. म्हणजे काकांना कळणार आहे, घरातून किंवा दारात उभ्या राहिलेल्या हवालदाराकडून.

सांग किंवा सांगू नकोस, हे मी म्हणणार नाही. माझं काम दाखवण्याचं आहे.

कॅन्टीनमध्ये काकांनी खांद्याला दस्ता लावून दाखवला, तो हात मला दिसत राहतो. त्या हातानेच त्यांनी माझ्या चहात साखर ढवळली होती.

सादिया

---

पोलादपूर,
१७ मार्च २०२५

प्रिय सादिया,

मी सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज बाबा काहीतरी साधं बोलायचे, "आक्षे, च्या दे," आणि मी चहा ठेवायला उठायचे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी अंगण माणसांनी भरलं होतं. मुंबईची पाहुणेमंडळी आली होती. कुणीतरी म्हणालं, येसाजीतात्या, डुकराचं होऊन जाऊ दे. बाबा उठले. हात खांद्याला गेला. साहिल भिंतीला टेकून बसला होता, तो उठला आणि आत निघाला. डावी चप्पल अंगणात राहिली. बाबा रंगात आले होते, "आन् करवीवर..."

आई दारातून ओरडली, "पुरं करा ती! त्या डुकराला दोन वर्सं मी जेवाया वाढतंय!"

पाहुणे हसले. त्यांना वाटलं, ही नवरा-बायकोची थट्टा. एकजण म्हणालाही, "तात्या, तुम्हालाच डुक्कर म्हणतेय काकू!"

बाबा हसले नाहीत. ते आईकडे बघत राहिले. मग चपलेकडे बघितलं. मग उंबऱ्यावर एका पायात चप्पल घालून उभ्या राहिलेल्या साहिलकडे. हात अजून खांद्यालाच होता. तो खाली आणायचं त्यांच्या लक्षात आलं नाही, सादिया. माझ्या डोळ्यांपुढून ते जात नाही.

नंतर ते खाली वाकले, चप्पल उचलली आणि साहिलजवळ जाऊन विचारलं, "कुटं लागला रं?"

साहिल म्हणाला, "कायपण काय, बाबा."

"दाव."

साहिलने शर्ट वर केला. बाबांनी त्या जागेला बोट लावलं. चप्पल हातातच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाटात बंदूक गुंडाळून एसटीने खाली पोलादपूरला गेले. मी मागोमाग धावले. ठाण्यात हवालदार ओळखीचे, ते म्हणाले, "काय तात्या, डुक्कर मारलंत की काय?" बाबांनी गोणपाट टेबलावर ठेवलं. "नाय. पोरगा मारला. जिता हाय."

तुमच्याकडचा कागद अजून आलेला नव्हता. आता केस झाली आहे. जामीन झाला. साहिलने जबाब दिला की वाट मीच सोडली होती. बाबा त्याच्यावर चिडले, "गप रं. तुझी वाट हुती, बार माजा हुता."

आम्ही येतोय. तारीख घे.

अक्षदा

---

पुणे,
२ एप्रिल २०२५

प्रिय अक्षदा,

तू थिएटरबाहेर होतीस, पण परवा घरी तुझ्या आईला बरं नसल्यामुळे तुला लगेच निघावं लागलं. म्हणून राहिलेलं लिहिते.

या वेळी चिठ्ठी टाकली नाही. सर म्हणाले, रुळांवरचं. कडा सर्वांत रेखीव तिथे दिसतात, आणि नसेपासून शिसं सोडवायचं तर कडाच दिसायला हव्यात. म्हणजे साहिल तिन्ही यंत्रांतून गेला. माझ्या पूर्ण अभ्यासात असा तो एकटाच. नियमाप्रमाणे त्याला अभ्यासातून वगळावं लागलं. मी कारण लिहिलं, 'निदान बदलले'.

छर्रा निघाला. तुरीच्या दाण्याएवढा, एका बाजूने चेपलेला. माझ्यासमोर डबीत घालून सील केला आणि पोलिसांच्या माणसाने नेला. शेवटी पुन्हा चित्र घेतलं. स्वच्छ आलं, एकही रेघ नाही. मी ते जरुरीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले.

पायाचं खात्रीने सांगता येत नाही. आज सकाळी त्याने अंगठा किंचित वर उचलला. काल येत नव्हता. सिस्टरने टाळी वाजवली तर म्हणाला, "क्लचला अंगठा पुरत नाय, ताई."

काकांनी चित्र बघायचं म्हटलं. मी त्यांना आधीचं आणि नंतरचं, दोन्ही दाखवलं. आधीच्याकडे ते बराच वेळ बघत होते. मग विचारलं, "या तिनांतलं कंचं मशीन आसतं, तर पयल्याच दिशी कळलं आसतं गो?"

मी म्हटलं, "कुठलंही, काका. साधा एक्स-रेसुद्धा चालला असता, एक समोरून आणि एक बाजूने. करगोटा सोडून."

त्यांनी मान हलवली. करगोटा माझ्याकडेच होता. त्यांनी तो मागितला, मणी काढून तुझ्यासाठी खिशात ठेवला, आणि दोरा साहिलच्या कमरेला स्वतः बांधला. गाठ मारताना दोनदा सुटली. मी मदत केली नाही.

दुपारी आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो. चहाचे पैसे या वेळीही त्यांनी देऊ दिले नाहीत. शेजारी साताऱ्याकडचे एक गृहस्थ होते, त्यांचाही मुलगा त्याच वॉर्डात. त्यांनी विचारलं, "तुमच्या पोराला काय झालं होतं, मामा?"

काकांचा हात सवयीने खांद्याकडे निघाला. अर्ध्यात थांबला, आणि परत येऊन कपावर बसला.

"माजा बार लागला," ते म्हणाले.

तुझी,
सादिया